नांव आणि आंकडा

बसऱ्याच्या युद्धस्मारकाचें परीक्षण वाङ्मयीन मासिकांत कशाला, असें कोणी विचारील. आमचें म्हणणें असें कीं, तें स्मारक म्हणजे दगडावरचा एक लेखच आहे. आणि लेख म्हटला कीं त्याचे गुणदोष पाहणें आलें.

आमच्या पणजोबांचे धाकटे बंधु इंदापूर तालुक्यांतून मराठा पलटणींत भरती होऊन पहिल्या महायुद्धांत मेसापोटेमियांत गेले व तिकडेच वारले. घरीं त्यांच्याविषयीं एवढेंच उरलें. गोळीनें गेले कीं तापानें, हें कळलें नाहीं. त्यामुळें पितृपक्षांत दरवर्षीं पंचाईत होई. शस्त्रानें मेलेल्यांची चतुर्दशी, तिथि ठाऊक नसलेल्यांची अमावास्या. आमच्या आजी दोन्ही दिवशीं पान वाढीत. ही पंचाईत सोडवावी म्हणून आम्ही कागद चाळूं लागलों.

सहाव्या पुणें डिव्हिजनला तुर्कांनीं ७ डिसेंबर १९१५ पासून कुत-अल-अमारा येथें वेढलें. तींत १०३ वी आणि ११० वी या मराठा पलटणी होत्या. अन्न संपल्यावर २९ एप्रिल १९१६ रोजीं सुमारें १३,००० लोक शरण गेले, आणि पुढें कैदेंत उपासमारीनें व रोगानें हजारों मेले. या मोहिमेंतील ज्यांच्या थडग्यांचा पत्ता नाहीं, अशा ४०,००० हून अधिक जणांसाठीं १९२९ सालीं बसऱ्यास स्मारक उघडण्यांत आलें. त्यावर इंग्रज पलटणींतील साध्या सोजिराचेंहि नांव आहे. हिंदी पलटणींत मात्र अधिकाऱ्यांपुरतीं नांवें, आणि साध्या शिपायांची केवळ संख्या!

दगड कमी पडला असें म्हणावें, तर फ्रान्सांत नव्ह-शापेल येथें १९२७ सालीं उघडलेल्या स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदी लोकांचीं नांवें व्यवस्थित कोरलेलीं आहेत. २०२१ सालीं युद्धसमाधींच्या आयोगानें स्वतःच्याच अहवालांत ४५,००० ते ५४,००० मृतांचें स्मरण असमानपणें झाल्याचें कबूल करून क्षमा मागितली. आमच्याकडील कित्येक गांवांत त्या युद्धाच्या ज्या संगमरवरी पाट्या आहेत, त्यांचीहि रचना तीच: या गांवांतून इतके गेले, त्यांपैकीं इतके मेले. कोण, तें नाहीं.

इंदापुरास लढाईंत पडलेल्या मालोजीराजांचें नांव गांव आजवर विसरलें नाहीं. पण ते राजे होते. साध्या माणसाचें काय, याचें उत्तर आम्हांस बारामतीस मिळालें. तेथें राहून मोरोपंतांनीं सगळें भारत आर्यांत आणलें. मूळ महाभारतांत गांधारीच्या पुत्रांचा नुसता शंभर हा आंकडा देऊन व्यासांना पुढें जातां आलें असतें. पण त्यांनीं आदिपर्वांत शंभरांचीं नांवें दिलीं, आणि स्त्रीपर्वांत तीच गांधारी रणांत पडलेल्या एकेकास ओळखून शोक करते. अशा याद्या काव्यास मारक होत, त्या वगळून वाचाव्या, असें आम्हीं वर्गांत वर्षानुवर्षें सांगितलें आहे. तें मत आम्ही येथें परत घेतों. ज्याच्या घरीं शंभरांतला एक गेला आहे, तो त्या यादींतील एकहि नांव वगळणार नाहीं. बसऱ्याच्या लेखाचा दोष हाच कीं, तो वाचणाऱ्याला शोक करावयास माणूसच देत नाहीं; फार तर बेरीज तपासतां येते.

शिळेवर नसलेलीं नांवें आयोगाच्या नोंदींत आहेत व आतां तीं घरबसल्या शोधतां येतात. मात्र मराठी नांव इंग्रज कारकुनाच्या कानांतून उतरलेलें असतें. रोमन लिपींत तें ओळखावयास थोडी कल्पनाशक्ति लागते. आमच्या नात्यांतल्या गृहस्थांचें नांव आम्हांस तिसऱ्या खेपेस ओळखूं आलें, आणि तेंहि वडिलांच्या नांवावरून व गांवावरून. पुढें मृत्यूची तारीख होती. जुन्या पंचांगावरून तिथि निघाली. मृत्यूचें कारण त्या नोंदींत नाहीं. तेव्हां अमावास्येचें पान यंदा त्या तिथीस गेलें. चतुर्दशीचें आम्ही अद्याप वाढतों.