मोहेंजोदडोचे उत्खनन आणि नामकरणाचा प्रश्न : एक चिकित्सा

प्रस्तावना

प्राचीन नगरांचा इतिहास उत्खननातून उजेडात येतो, हे विधान सर्वमान्य आहे. तथापि उत्खननातून प्रत्यक्षात हाती येतात त्या भिंती, विटा, मृद्‌भांडी, मुद्रा आणि हाडे. 'स्नानगृह', 'कोठार', 'राजा', 'पुरोहित' हे शब्द जमिनीतून निघत नाहीत. ते उत्खनक देतो. ज्या संस्कृतीची लिपी वाचता येते तेथे या शब्दांना लेखांचा आधार मिळू शकतो. सिंधू संस्कृतीच्या लिपीचे सर्वमान्य वाचन अद्याप झालेले नाही. त्यामुळे मोहेंजोदडो येथील प्रत्येक वास्तूचे नाव हे मुळात एका अभ्यासकाचे अनुमान आहे. 'मृतांचे टेकाड' या अर्थाचे नगराचे नावदेखील नंतरच्या काळातील सिंधी रहिवाशांनी दिलेले आहे. असे असताना पाठ्यपुस्तकांत आणि वर्गाध्यापनात ही नावे पुराव्याच्याच दर्जाने सांगितली जातात. प्रस्तुत लेखात या नामकरणाची चिकित्सा केली असून, कोणते नाव पुराव्यावर उभे आहे आणि कोणते केवळ सवयीने टिकले आहे, याचा शोध घेतला आहे.

शोधापूर्वीची एक चूक

नामकरणाचा प्रश्न मोहेंजोदडोच्या बाबतीत उत्खननापूर्वीच सुरू होतो. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पश्चिम मंडळाचे अधिकारी देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांनी १९११-१२ मध्ये या स्थळाची पाहणी केली. तेथील विटा त्यांना अर्वाचीन धाटणीच्या वाटल्या, कोरीव मृण्मय अवशेष दिसले नाहीत आणि हे गाव अवघे दोनशे वर्षांपूर्वीचे असावे, असा अभिप्राय त्यांनी नोंदविला. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे हे पुत्र कोणी सामान्य अभ्यासक नव्हते. पुढे बेसनगरचे उत्खनन त्यांनीच केले. त्यांची चूक निष्काळजीपणाची नव्हती. ती अपेक्षेची होती. भाजलेल्या, एकसारख्या मापाच्या विटा इतक्या प्राचीन असू शकतील, ही कल्पनाच त्या काळच्या ज्ञानव्यवस्थेत नव्हती. या नगरातील विटांचे १ : २ : ४ हे प्रमाण आज सिंधू संस्कृतीची ओळख मानले जाते. म्हणजे जो पुरावा पुढे सर्वांत बोलका ठरला, तोच प्रथम स्थळ नाकारण्याचे कारण झाला होता.

राखालदास बॅनर्जी १९२२ च्या अखेरीस येथे उत्खननास आले ते टेकाडावरील बौद्ध स्तूपाच्या ओढीने. हाती आल्या त्या अपरिचित लिपीच्या मुद्रा. तत्पूर्वी १९२१ मध्ये हडप्पा येथे दयाराम सहानी यांनी उत्खनन सुरू केले होते. दोन्ही स्थळांतील साम्य लक्षात घेऊन सर जॉन मार्शल यांनी २० सप्टेंबर १९२४ च्या 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'मध्ये या संस्कृतीची घोषणा केली.

निरुपद्रवी नावे आणि अर्थ लादणारी नावे

मोहेंजोदडोच्या आरंभीच्या उत्खननात विभागांना अधिकाऱ्यांच्या नावांची आद्याक्षरे देण्यात आली. डी.के. म्हणजे काशिनाथ नारायण दीक्षित, एच.आर. म्हणजे हारग्रीव्ह्ज, व्ही.एस. म्हणजे माधोस्वरूप वत्स. (यांपैकी दीक्षित हे मराठी विद्वान पुढे १९३७ ते १९४४ या काळात सर्वेक्षणाचे महासंचालक होते.) ही नावे वरकरणी रूक्ष वाटतात, परंतु ती नगराविषयी काहीही गृहीत धरत नाहीत, हाच त्यांचा गुण होय.

'महास्नानगृह' हे नावदेखील टिकण्याजोगे आहे. सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि अडीच मीटर खोल असे हे कुंड आहे. दोन्ही टोकांना पायऱ्या, काटेकोर जोडलेल्या विटा, पाणी झिरपू नये म्हणून दिलेला डांबराचा थर आणि पाणी सोडण्याची मोरी यांमुळे येथे पाणी साठविले जात होते, याविषयी शंका उरत नाही. मात्र स्नान धार्मिक होते, हे वाक्य या पुराव्यातून निघत नाही. ते नंतरच्या भारतीय परंपरेतील तीर्थकुंडांच्या सादृश्यावरून आले आहे. सादृश्य निराधार नसेल, पण वर्णन कोठे संपते आणि अनुमान कोठे सुरू होते, ती सीमा दाखविली पाहिजे.

कुंडालगतच्या वास्तूच्या बाबतीत ही सीमा पूर्णपणे पुसली गेली. या वास्तूचा जो भाग मार्शल यांच्या काळात उघडा पडला होता, तो त्यांना उष्ण हवेच्या स्नानगृहाचा वाटला. १९५० मध्ये सर मॉर्टिमर व्हीलर यांनी तेथे पुन्हा उत्खनन केले, विटांचे २७ चौथरे व त्यांमधील अरुंद बोळ उघड केले आणि त्यास 'महाकोठार' म्हटले. बोळ हे हवा खेळती ठेवण्यासाठी, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. व्हीलर यांची बरीच कारकीर्द ब्रिटनमधील रोमन स्थळांच्या उत्खननात गेली होती आणि रोमन कोठारांची रचना त्यांच्या परिचयाची होती. प्रत्यक्षात या वास्तूत जळलेल्या धान्याचे अवशेष मिळाले नाहीत, की साठवणीची भांडीही मिळाली नाहीत. मार्सिया फेंट्रेस यांनी १९८४ मध्ये सिंधू संस्कृतीच्या तथाकथित कोठारांची स्वतंत्र चिकित्सा केली, तर जोनाथन मार्क केनॉयर यांनी या वास्तूसाठी 'मोठे दालन' असे सावध नाव वापरले.

येथे प्रश्न केवळ एका इमारतीचा नाही. कोठार म्हटले की कर म्हणून गोळा केलेले धान्य आले, धान्य आले की ते गोळा करणारी सत्ता आली आणि सत्तेबरोबर नोकरशाही आली. धान्याच्या एका दाण्याविना एक संपूर्ण अर्थव्यवस्था उभी राहिली.

हीच गोष्ट 'बालेकिल्ला' या शब्दाची. मार्शल यांच्या लेखनात पश्चिमेकडील टेकाड हे 'स्तूपाचे टेकाड' होते. व्हीलर यांनी १९४६ मध्ये हडप्पा येथे तटबंदी उघड केल्यानंतर मोहेंजोदडोचे टेकाडही बालेकिल्ला झाले. मराठी वाचकाच्या मनात तर या शब्दासरशी राजगडाचा बालेकिल्ला उभा राहतो. वर राज्यकर्ते आणि खाली प्रजा अशी विभागणी तो न सांगताच गृहीत धरतो. पश्चिमेकडील टेकाड उंच चौथऱ्यावर वसविलेले होते, एवढे निश्चित. तेथे कोण राहत होते, हे निश्चित नाही.

पुरोहित-राजा आणि नर्तकी

दोन लहान मूर्तींनी सिंधू संस्कृतीची जनमानसातील प्रतिमा घडविली. डी.के. विभागात १९२५-२६ च्या हंगामात मिळालेली शंखजिऱ्याची पुरुषमूर्ती अवघी साडेसतरा सेंटिमीटर उंचीची आहे. कोरलेली दाढी, अर्धोन्मीलित डोळे, कपाळावर पट्टी आणि डाव्या खांद्यावरून घेतलेले त्रिदलांकित वस्त्र, इतकेच ती सांगते. तिला 'पुरोहित-राजा' ठरविण्यामागे मेसोपोटेमियातील राजसत्ता व धर्मसत्ता यांच्या संयोगाची कल्पना होती. परंतु ती ना देवळात मिळाली, ना राजवाड्यात. निर्विवादपणे देऊळ किंवा राजवाडा म्हणता येईल अशी वास्तू मोहेंजोदडो येथे आढळलेलीच नाही.

एच.आर. विभागातील साडेदहा सेंटिमीटर उंचीच्या कांस्यमूर्तीला 'नर्तकी' म्हणण्यात आले. ती उभी आहे. उजवा हात कमरेवर आहे, डाव्या हातात खांद्यापर्यंत बांगड्या आहेत, मान किंचित मागे झुकली आहे. नृत्याची कोणतीही मुद्रा तिच्यात नाही. दागिने ल्यालेली, निर्भयपणे उभी असलेली नग्न स्त्री म्हणजे नाचणारीच असणार, हा निष्कर्ष विसाव्या शतकाच्या आरंभीच्या साहेबी दृष्टीचा आहे. इसवी सनापूर्वी अडीच हजार वर्षांच्या नगराचा नव्हे. पुरुषाला सिंहासन आणि स्त्रीला नाच, ही वाटणी उत्खननाने केलेली नाही.

राज्यसंस्थेचा वाद यातूनच पुढे सरकतो. ग्रेगरी पोसेल यांनी सिंधू संस्कृतीत रूढ अर्थाने राज्यसंस्था नव्हती अशी मांडणी केली, तर शिरीन रत्नागर यांनी राज्यसंस्थेच्या बाजूने साधार युक्तिवाद केला. अ‍ॅडम ग्रीन यांनी २०२१ च्या आपल्या निबंधात 'पुरोहित-राजा'चा थेट समाचार घेऊन, शतकभर शोधूनही राज्यकर्ता वर्ग सापडत नसेल तर ती अनुपस्थितीच पुरावा मानावी, असे म्हटले. ग्रीन यांचा मुद्दा आकर्षक असला तरी पूर्णपणे पटत नाही. वजने, विटा व जलनिस्सारण यांतील एकसारखेपणा कोणत्या ना कोणत्या नियमनाखेरीज शक्य नाही आणि रत्नागर यांचा भर नेमका येथे आहे. मात्र दोन्ही पक्षांना वाद घालण्यासाठी 'पुरोहित-राजा' या नावाची गरज पडत नाही, हे लक्षणीय आहे.

हाडांवर लादलेला इतिहास

नामकरणाचा सर्वांत गंभीर परिणाम दिसतो तो 'कत्तली'च्या कथेत. मोहेंजोदडोच्या वरच्या थरांत, रस्त्यांवर व घरांत, सुमारे ३७ मानवी सांगाडे विखुरलेल्या अवस्थेत मिळाले. व्हीलर यांनी १९४७ मध्ये त्यांचा संबंध ऋग्वेदातील पुरंदर इंद्राशी जोडला आणि आर्य आक्रमकांना नगरनाशाचे आरोपी केले. व्हीलर यांची शैली विलक्षण होती. रुक्ष अहवालांच्या जगात त्यांनी एक खटलाच उभा केला आणि तो वाचकांच्या मनात ठसला.

जॉर्ज डेल्स यांनी १९६४ मध्ये हा खटला मोडीत काढला. सांगाडे एका थरातील नव्हते. ते सर्व खालच्या नगरात होते. जेथे लढाई व्हावी त्या तथाकथित बालेकिल्ल्यात एकही नव्हता. हल्ल्याची साक्ष देणारी शस्त्रे किंवा जळालेली तटबंदी आढळली नव्हती. पुढे केनेथ केनेडी यांनी हाडांची तपासणी केली, तेव्हा आघाताच्या खुणा एक-दोन सांगाड्यांवरच दिसल्या आणि त्यांतील एक जखम मृत्यूपूर्वीच भरून आली होती. रेडिओकार्बन कालमापनानेही नगराचा ऱ्हास इ.स.पू. १९०० च्या सुमारास नेला. व्हीलर यांनी स्वतःच पुढे आपली भूमिका सौम्य केली. कथा मात्र त्यांच्याहून दीर्घायुषी ठरली.

हाडांना त्यांच्या साक्षीपलीकडचे बोलायला लावण्याची ही सवय गेली आहे, असे मानण्याचे कारण नाही. हरियाणातील राखीगढी येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केले आणि तेथील एका स्त्रीच्या सांगाड्याचा जनुकीय अभ्यास २०१९ मध्ये 'सेल' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तिच्यात स्टेप प्रदेशातील पूर्वजांचा अंश आढळला नाही. त्याच महिन्यात 'सायन्स'मध्ये आलेल्या व्यापक अभ्यासाने तो अंश इ.स.पू. २००० ते १५०० या काळात दक्षिण आशियात मिसळल्याचे दाखविले. दोन्ही निष्कर्ष परस्परपूरक आहेत. तरीही एका स्त्रीच्या सांगाड्यावरून आर्य प्रश्नाचा निकाल लागल्याचे वृत्तपत्रांतून जाहीर झाले. व्हीलर यांनी ३७ सांगाड्यांकडून जे वदवून घेतले, त्याच्या उलट उत्तर आता एकाच सांगाड्याकडून मागितले गेले.

नोंदींकडे पुन्हा

चुकीच्या नावाची दुरुस्ती शक्य होते ती मूळ नोंद सुस्थितीत असेल तर. व्हीलर यांनी मार्शल यांच्या पद्धतीवर घेतलेला आक्षेप या दृष्टीने पूर्णतः रास्त होता. मार्शल यांच्या उत्खननात वस्तूंची खोली एका ठरावीक पातळीपासून मोजली जाई. उतरत्या किंवा खचलेल्या थरांचा विचार होत नसे. त्यामुळे वेगवेगळ्या काळांतील वस्तू कागदावर एकाच पातळीवर आल्या. उत्खनन एकदाच होते. उपसलेला थर पुन्हा रचता येत नाही.

तरीही मार्गच नव्हता असे नाही. मिखाएल यान्सन यांच्या नेतृत्वाखाली जर्मनीतील आखेन विद्यापीठाने १९७९ पासून मोहेंजोदडोच्या जुन्या नोंदवह्या, छायाचित्रे व आराखडे एकत्र करून, उभ्या भिंतींची नव्याने मोजणी करून वस्तूंची मूळ स्थाने निश्चित करण्याचा प्रयत्न केला. डेल्स यांच्या १९६४-६५ च्या हंगामानंतर भूजल व क्षार यांच्या प्रादुर्भावामुळे तेथील मोठी उत्खनने थांबली होती. नवी माती न उपसता जुन्या कागदांचे उत्खनन करणारा हा प्रकल्प म्हणूनच उल्लेखनीय ठरतो.

या फेरतपासणीतून ज्या स्तूपाने राखालदास बॅनर्जींना येथे आणले, तोही सुटलेला नाही. जिओव्हान्नी वेरार्दी यांनी २०१० च्या सुमारास या वास्तूचे पुनर्परीक्षण करून ती कुशाणकालीन बौद्ध स्तूप आहे काय, याविषयीच शंका उपस्थित केली. ती सर्वमान्य झालेली नाही. परंतु ती ग्राह्य ठरल्यास मार्शल यांचे 'स्तूपाचे टेकाड' आणि व्हीलर यांचा 'बालेकिल्ला' ही दोन्ही नावे एकाच वेळी मागे घ्यावी लागतील आणि त्या उंच चौथऱ्यावर मधोमध काय होते, हा प्रश्न १९२२ च्या हिवाळ्यात होता तितकाच मोकळा होईल.