गाठीची चोळी

दर १२ जानेवारीला सिंदखेडराजात लखुजी जाधवांच्या वाड्यापाशी माणूस मावत नाही. जिजाऊंच्या जन्मोत्सवाला आलेल्या त्या गर्दीत पोरांच्या डोक्यावर पुठ्ठ्याला मखमल चिकटवलेले जिरेटोप असतात, अंगात सॅटिनचे अंगरखे, आणि बायकांच्या अंगावर इलॅस्टिक लावून शिवलेल्या तयार नऊवारी. हा पेहराव सतराव्या शतकापेक्षा रविवर्म्याच्या छापील चित्रांतून आणि भालजी पेंढारकरांच्या पडद्यावरून आपल्याकडे अधिक आला आहे. असू दे. उत्सवाला चकाकी शोभते.

मला बोलायचंय ते मात्र एका चोळीबद्दल. ओळखीतल्या एका बाईंनी घरकामातून वेळ काढून, निव्वळ हौसेनं, जुन्या पद्धतीची गाठीची चोळी शिवली. लुगडं शिवायचं नसतंच, ते नेसायचं. त्यामुळे मराठी बाईच्या जुन्या पोशाखात शिवणारणीचा हात दिसतो तो चोळीतच. बाईंनी नमुना चित्रातून घेतला नाही. आजीची विरलेली चोळी ट्रंकेत होती, ती न उसवता कागदावर उतरवली. हे जिजाऊंचं वस्त्र आहे असा त्यांचा दावा नाही, आणि म्हणूनच मला त्यांचा इतिहास जास्त विश्वासाचा वाटतो.

कापड ओटीत आलेल्या खणाचं. प्रत्येक घरात असे खण घडीतच राहतात, एका ओटीतून दुसऱ्या ओटीत फिरतात. हा मात्र कातरीखाली आला. खणाचा काठ त्यांनी वाया जाऊ दिला नाही: बाहीच्या कडेला आला, खाली पोटाच्या पट्टीला आला. शोभा झाली आणि जिथे कापड सगळ्यात जास्त ओढलं जातं तिथे बळकटीही. उरलेल्या चिंध्या मुठीत मावतील एवढ्याच. मोजून विणलेल्या कापडाची किंमत ज्यांना ठाऊक होती त्यांनी ही बेतणी बसवली आहे, हे दिसतं.

खरी गंमत काखेत आहे. आजच्या ब्लाऊजला मुंढ्याची खोल गोलाई, टक्स, कटोरी, अस्तर, हुक असं सगळं लागतं. इथे त्यातलं काहीच नाही. बाही दंडाला घट्ट, पण काखेत तिरप्या कापडाचा एक छोटा तुकडा जोडलेला. तिरपं कापड ताणलं जातं, म्हणून हात वर गेला तरी चोळी वर सरकत नाही. वऱ्हाडात कापूस वेचणाऱ्या, जात्याचा खुंटा ओढणाऱ्या बाईला हेच हवं होतं. वाकून, उचलून, ताणून पाहिल्याशिवाय हा तुकडा सुचत नाही.

आणि गाठ. पुढची दोन टोकं छातीखाली बांधायची, बस्स. बाळंतपणाआधी सैल, नंतर आवळून, अंगावर पाजताना क्षणात सुटणारी. छत्तीस-अडतीस असले आकडे या चोळीला माहीत नाहीत. माप दर सकाळी बाईच्याच हातात.

दोष काढायचेच तर दोन. टोकं बोटभर आखूड पडलीत, गाठ टिचभर दिसते. आणि हातशिलाई इतकी देखणी असताना दोरा पॉलिएस्टरचा. उन्हात तो चमकतो आणि साध्या सुती दोऱ्याचा मऊपणा हरवतो. कापसाच्या बाजारासाठी सिंदखेडराजाच्याच जिल्ह्यातलं खामगाव गाजलं, त्या जिल्ह्यात तरी सुती रीळ शोधायला हवं होतं.

धावदोऱ्याबद्दल मात्र बोलायला जागा नाही. बारीक, एकसारखा, आतून शिवणीची कड दुमडून हेम घातलेली, म्हणजे उलटी केली तरी चोळी सुलटीच वाटावी.

आता त्यांनी मुलासाठी पांढरी बाराबंदी बेतायला घेतली आहे. तिचे बंद त्याच कापडाच्या पट्ट्यांचे. आधी उलटे शिवून मग सेफ्टी पिन घालून सुलटे करायचे. हे काम किचकट, बाजारातली तयार नाडी लावली तर तासात उरकेल. बाई नाडी लावणार नाहीत, असं दिसतंय.