नाग्या, लहान्या आणि वकील

मंडळी, पेठमध्ये उभं राहून नटाच्या रंगाविषयी बोलायचं तर आम्हांला आधी बोहाडा आठवतो. मुखवटा चढवला की कोकणा घरातला माणूस देव होतो, राक्षस होतो. 'हा शोभतो का?' असं कुणी विचारत नाही. पडद्यावर मात्र विचारतात.

'जैत रे जैत' (१९७७) घ्या. गोष्ट ठाकरांची, पण नाग्या मोहन आगाशे आणि चिंधी स्मिता पाटील. दोघंही मोठे कलावंत, कामं चोख, त्यात आम्ही उणं काढत नाही. पुढं 'आक्रोश' (१९८०) आला. तेंडुलकरांच्या पटकथेतला लहान्या भिकू जवळजवळ सगळा चित्रपटभर गप्प असतो. त्या मौनाचा अर्थ आम्ही वर्गात वर्षानुवर्षं सांगितला, की अन्याय इतका झाला की बोलणंच संपलं. एक गोष्ट तेव्हा आमच्या ध्यानातच आली नाही, खोटं कशाला बोला. तो गप्प आदिवासी उभा करणारे ओम पुरीही आदिवासी नव्हते.

आता कुणी म्हणेल, नट कोणीही होऊ शकतो. मान्य! पण हे तत्त्व उलटं फिरवून बघा. पुण्याचा नट ठाकर होतो. ठाकराची पोर पुण्याची डॉक्टर होते का? एकाच बाजूनं चालत असेल तर ती सवलत म्हणायची.

न्यूयॉर्कचा कृष्णवर्णीय नट आयरा आल्ड्रिज १८३३ साली लंडनच्या कॉव्हेंट गार्डनला ऑथेल्लो झाला, तर वृत्तपत्रांनी त्याला झोडपलं. गडी खचला नाही. पुढं युरोपभर फिरला आणि चेहऱ्याला गोरा रंग फासून लिअर केला, शायलॉक केला. आम्हांला त्याच्या ऑथेल्लोपेक्षा हा लिअर मोठा वाटतो.

नागराज मंजुळेंनी 'फँड्री'त सोमनाथ अवघडेला आणलं, राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. दार किलकिलं झालं खरं. पण अशा पोरांना जब्यानंतर काय देऊ करतात, तिथं आमचं लक्ष आहे.

मघाशी चहाच्या वेळी इथलीच एक मुलगी म्हणाली, "सर, ऑडिशनला गेलं की गाव विचारतात, मग म्हणतात नाच येतो का. मी वकिलाचं काम करून दाखवलं तर?" आम्ही म्हटलं, बाई, जरूर कर. 'आक्रोश'मध्ये नसीरुद्दीन शहांनी केलेला भास्कर कुलकर्णी आहे ना, लहान्याचा वकील, त्याचंच भाषण पाठ करून जा.