गाणारा नट: शाहीर साबळे

शाहीर साबळे म्हटलं की आपल्या कानात आधी आवाज येतो. नाटकाचा विषय निघाला तर लोक म्हणतात, 'हो, ते नाटकही करायचे.' आमचं म्हणणं जरा वेगळं आहे. साबळ्यांचा अभिनय त्यांच्या गाण्यातूनच निघालेला आहे.

जन्म १९२३ चा, वाईजवळच्या पसरणीचा. पण शाळेसाठी हा पोरगा आला आपल्या अमळनेरला, आजीकडे. साने गुरुजींचा सहवास इथलाच. अमळनेरकरांना हे सांगायला नकोच म्हणा!

आता पोवाडा गाणारा माणूस डोळ्यांपुढे आणा. तोच कथा सांगतो, तोच मावळा होतो, तोच खान होतो. मागून झीलकरी 'जी जी' म्हणतो, मध्येच शंका काढतो, की झाला संवाद सुरू. तिकडं अमेरिकेत जेरी रीड हा कंट्री संगीतातला गिटारवाला १९७७ च्या 'स्मोकी अँड द बँडिट'मध्ये ट्रकचालक झाला. तो गाण्याच्या धंद्यातून सिनेमाच्या धंद्यात गेला. साबळ्यांना असं कुठं जावंच लागलं नाही. १९६० चं 'यमराज्यात एक रात्र' घ्या. मुक्तनाट्य ते. यातला नट समोर प्रेक्षक बसलेत हे क्षणभरही विसरत नाही, कारण तो मुळात शाहीर आहे. सिनेमातल्या नटाला नेमकं हेच विसरावं लागतं.

'आंधळं दळतंय' १९६६ चं, मुंबईतल्या मराठी माणसाच्या हालांवरचं. शिवसेनाही त्याच वर्षीची. त्या म्हणीत दळणाऱ्याच्या आंधळेपणावरही बोट आहे, बरं का. लोकांनी उचललं ते कुत्र्याला हाकलणं, असं आम्हाला वाटतं.

पुढं आली 'महाराष्ट्राची लोकधारा'. वासुदेव, गोंधळी, कोळी, सगळे एका रंगमंचावर. कला जपल्या गेल्या, हे मोठंच काम. पण त्या देखण्या कार्यक्रमात कुणाशी भांडण उरलं नाही. मुक्तनाट्याचा दात तिथं पडला. २०२३ मध्ये त्यांनी गायलेलं 'जय जय महाराष्ट्र माझा' राज्यगीत झालं, केदार शिंदेंचा 'महाराष्ट्र शाहीर' आला, आणि आवाजाचा मान आणखी वाढला. नट मात्र मागंच राहिला.

आपल्या विद्यापीठाच्या 'युवारंग'मध्ये पोरं लोकनृत्य झकास बसवतात. त्याच पोरांनी यमाच्या दरबारात कापसाचा भाव नेऊन उभा केला, तर? डफ आहे, झीलकरी आहेत, आणि समोर बसलेल्या अर्ध्या लोकांच्या घरात कापूस पडून आहे.