शिलकीची रचना : गोधडीच्या आकलनाची चिकित्सा
(झाडीपट्टीच्या संदर्भात)

प्रास्ताविक

मराठी साहित्यात आणि सांस्कृतिक लेखनात गोधडी वारंवार भेटते; परंतु ती बहुधा प्रतीक म्हणूनच भेटते. कधी ती दारिद्र्याचे चिन्ह असते, कधी आईच्या मायेचे, तर कधी विविधतेतील एकतेचे. संतपरंपरेत तिला वैराग्याचा अर्थ लाभला. चिंध्यांचे वस्त्र पांघरणाऱ्या गाडगेबाबांना (१८७६-१९५६) लोक 'गोधडे महाराज' म्हणत. हे सारे अर्थ आपापल्या जागी खरे आहेत. मात्र या सर्वांमध्ये एक गोष्ट राहून जाते. ती म्हणजे गोधडी ही कोणीतरी विचारपूर्वक केलेली रचना आहे. प्रतीकाचा अर्थ लावताना समीक्षेने शिवणारीची बुद्धी गृहीत धरलेली नाही. प्रस्तुत लेखात चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांच्या पार्श्वभूमीवर या उणिवेचा विचार केला आहे.

घडणीचे स्वरूप

गोधडीची सर्वसाधारण घडण परिचित आहे. खाली जुने लुगडे किंवा धोतर, मध्ये विरलेल्या कपड्यांचे थर, वर पुन्हा लुगडे अथवा जोडलेले तुकडे, आणि या सर्वांना एकत्र धरणारा धावदोरा. जुनी गोधडी फाटली तरी ती संपत नाही. तिचा शाबूत भाग कापून नव्या गोधडीच्या पोटात घातला जातो. म्हणजे शिलकीतून तयार झालेली वस्तू पुढे स्वतःच शिल्लक होते आणि पुन्हा रचनेत शिरते.

येथे शिवणारीपुढे कोरा कागद नसतो. तुकड्याची लांबी, रंग, झीज हे सारे आधीच ठरलेले असते. निर्णय घ्यावा लागतो तो जागेचा : कोणते कापड अंगाला लागेल, कोणते थरात दडेल, लुगड्याचा घट्ट काठ कोठे उपयोगी पडेल, उरलेला लहान तुकडा कोणत्या मोठ्या तुकड्याशेजारी शोभेल. हे निर्णय एकमेकांत गुंतलेले असतात. एक तुकडा हलला की शेजारचे चारही हलतात. यालाच साहित्यसमीक्षेच्या परिभाषेत संयोजन म्हणतात. कवितेच्या बाबतीत जे संयोजन प्रतिभेचे लक्षण मानले जाते, तेच गोधडीच्या बाबतीत काटकसर या एका शब्दात संपवले जाते.

बांधी आणि चीवर

चंद्रपूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडील वरोरा, राजुरा या भागांत कापूस पिकतो, तर पूर्वेकडे ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल या पट्ट्यात आणि पुढे गडचिरोलीत धान पिकते. धुऱ्यांनी विभागलेल्या लहानमोठ्या बांध्या हे या भूमीचे नेहमीचे दृश्य आहे. ठिगळांच्या वस्त्राचा भातशेतीशी असलेला एक प्राचीन संबंध येथे ध्यानात घेण्यासारखा आहे. विनयपिटकातील महावग्गात अशी कथा येते, की बुद्धांनी मगध देशातील बांधांनी आखलेली शेते पाहिली आणि भिक्खूंची चीवरे त्याप्रमाणे करता येतील काय, असे आनंदाला विचारले. आनंदाने तुकडे जोडून तसे चीवर सिद्ध केले. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत धम्मदीक्षेचा सोहळा झालेल्या चंद्रपुरात ही कथा परकी राहत नाही.

समीक्षेच्या दृष्टीने या कथेतील महत्त्वाचा मुद्दा वेगळाच आहे. चीवराचे कापड अखंड मिळाले तरी ते कापून पुन्हा जोडण्याचा संकेत आहे; कारण कापलेले वस्त्र लोभाला कारण होत नाही. याचा अर्थ असा, की जोड हा केवळ अभावाचा परिणाम नसतो. तो जाणीवपूर्वक स्वीकारलेला आकारही असू शकतो. 'गोधडी म्हणजे गरिबी' या समीकरणाला या कथेने छेद जातो. तथापि दोहोंत भेदही आहे. चीवराचा आराखडा आधी ठरतो आणि कापड त्यानुसार कापले जाते. गोधडीत मात्र हाती असलेले तुकडेच आराखडा सुचवतात. त्यामुळे गोधडीची जवळीक चीवरापेक्षा ओवीशी अधिक आहे.

ओवी आणि गोधडी

'ओवी' हा शब्द 'ओवणे' या क्रियापदाशी जोडला जातो. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रात जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. असे मोठे संकलन चाळताना एक गोष्ट सहज लक्षात येते. तेच पहिले चरण, त्याच उपमा, तीच संबोधने निरनिराळ्या बायकांच्या तोंडी निरनिराळ्या दुःखांना जोडून येतात. तयार चरण परंपरेतून मिळतो. तो कोठे बसवायचा, हे गाणारी ठरवते. मौखिक महाकाव्यांविषयी अल्बर्ट लॉर्ड यांनी १९६० मध्ये 'द सिंगर ऑफ टेल्स' या ग्रंथात हेच तत्त्व विस्ताराने मांडले. ग्रीक भाषेत महाकाव्य गाणाऱ्यास जो शब्द होता, त्याचा व्युत्पत्तीने अर्थ 'गीते शिवणारा' असाच होतो. शिवण आणि काव्यरचना यांचे नाते अशा रीतीने भाषेनेच नोंदवून ठेवले आहे.

क्लोद लेव्ही-स्ट्रॉस यांनी १९६२ मध्ये हाताशी असलेल्या जुन्या अवशेषांतून नवे घडवणाऱ्या कारागिराची संकल्पना मांडली. गोधडीला ती लागू पडते, पण पुरी पडत नाही. लेव्ही-स्ट्रॉस यांच्या विवेचनात अवशेष हे मुख्यतः चिन्ह असते. गोधडीतील तुकडा चिन्ह तर असतोच. शिवाय तो कोणाच्या तरी अंगावर झिजलेला असतो. ती झीज कापडाला मऊपणा देते, आणि पांघरूण म्हणून त्याचे मोल त्या मऊपणातच असते. वापर येथे सौंदर्याच्या विरोधात उभा नाही. तो सौंदर्याची सामग्री आहे.

भिंत की अंथरूण?

अमेरिकेतील अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. तेथील स्त्रिया जुन्या कामाच्या कपड्यांपासून गोधड्या शिवत आल्या. १९७२ पासून एका व्यापारी कंपनीसाठी कॉर्डरॉयचे उशांचे अभ्रे शिवण्याचे काम त्या परिसरात आले, तेव्हा उरलेले तुकडे घरी गेले आणि त्यांतून नव्या गोधड्या झाल्या. जाड कॉर्डरॉयचे बारीक तुकडे जोडणे कठीण. म्हणून मोठे, सरळ आकार आले. सामग्रीच्या मर्यादेतून शैली कशी जन्मते, याचे हे स्वच्छ उदाहरण होय. २००२ मध्ये ह्यूस्टन येथील कलासंग्रहालयात या गोधड्यांचे प्रदर्शन झाले आणि समीक्षकांनी त्यांची तुलना आधुनिक अमूर्त चित्रकलेशी केली.

हा गौरव स्वागतार्ह असला तरी निर्दोष नाही. चित्रासारखी दिसते म्हणून गोधडी श्रेष्ठ, असे म्हणणे म्हणजे तिला उसन्या मापाने मोजणे होय. ॲलिस वॉकर यांच्या 'एव्हरीडे यूज' (१९७३) या कथेत हाच पेच आहे. शिकून शहरात गेलेल्या मुलीला आजीच्या गोधड्या भिंतीवर टांगण्यासाठी हव्या आहेत. घरी राहिलेली मुलगी त्या पांघरणार आहे. आई त्या धाकटीला देते, कारण गोधडी फाटली तर नवी शिवणे तिला येते. वारसा वस्तूत आहे की कौशल्यात, या प्रश्नाचे उत्तर त्या कृतीत दडलेले आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल, की गोधडीचे मूल्यमापन तीन अंगांनी व्हावे : तुकड्यांची निवड, त्यांची परस्परसंगती आणि वापरातील टिकाव. या तिन्हींत शिवणारीचा निर्णय केंद्रस्थानी येतो, आणि ती 'अनामिक परंपरा' न राहता कर्ती ठरते.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. सुती लुगड्यांची जागा कृत्रिम धाग्यांच्या साड्यांनी घेतली, बाजारातील ब्लँकेटे स्वस्त झाली. परिणामी मऊ सुती शिल्लकच घरात कमी उरू लागली आहे. शिल्लक संपली की तिच्यातून विचार करण्याची रीतही संपते. गोंडवाना विद्यापीठाच्या (स्थापना २०११) क्षेत्रातील मराठी विभाग झाडीबोलीतील शब्द आणि लोकगीते यांकडे ज्या आस्थेने पाहतात, त्याच आस्थेने गोधडीकडे पाहिले जाणे अगत्याचे आहे. कोणते कापड कोणाचे, ते त्याच जागी का बसवले, टाका कोठून सुरू झाला, हे शिवणाऱ्या स्त्रियांना विचारून त्यांच्या संमतीने व त्यांच्याच शब्दांत नोंदवता येईल. असे झाल्यास समीक्षेला एक प्रतीक गमवावे लागेल. पण त्या बदल्यात तिला एक संहिता आणि ती रचणारी स्त्री या दोन्ही लाभतील.