परत करता येतं म्हणून

लक्ष्मी रोडवरच्या दुकानातली पाटी तुम्हाला आठवत असेल: 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' आपण तिच्यावर पोटभर हसलोय. मग अमेरिकेत आलो आणि बरोब्बर उलटी पाटी भेटली: पावती आणा, पैसे न्या, काही विचारणार नाही. पहिल्या वर्षी आपण बहुतेकांनी घरी फोनवर हे कौतुकाने सांगितलंय. 'इकडे गिऱ्हाईक म्हणजे देव!' मला आज या दोन्ही पाट्या जरा नीट वाचायच्या आहेत.

आधी अमेरिकन पाटी. तुमचं नुसतं मन बदललं म्हणून दुकानाने चांगला माल परत घ्यावा, असा इथे फेडरल कायदा नाही. तीन दिवसांचा 'कूलिंग ऑफ' नियम आहे, पण तो मुख्यतः दारावर येऊन विकणाऱ्यांसाठी. बाकीची उदारता दुकानांनी स्वतःहून दिलेली आहे, आणि ती धंद्यासाठी. फिलाडेल्फियात जॉन वॉनामेकर एकोणिसाव्या शतकातच 'पसंत नसेल तर पैसे परत' म्हणत होता. परतीची खात्री असली की आपण घेताना कमी विचार करतो. एकाच ड्रेसचे तीन साइझ मागवतो, दोन परत पाठवतो. नॅशनल रिटेल फेडरेशनच्या अंदाजाप्रमाणे २०२४ मध्ये अमेरिकेत ८९० अब्ज डॉलरचा माल परत आला. म्हणजे एकूण विक्रीच्या जवळजवळ १७ टक्के.

हा माल पुन्हा शेल्फवर जातो असं आपण धरून चालतो. काही जातोही. पण उघडलेला खोका कुणीतरी तपासायचा, पुसायचा, पुन्हा पॅक करायचा, सिस्टिममध्ये चढवायचा. स्वस्त वस्तूच्या बाबतीत ही मजुरीच किमतीपेक्षा जास्त होते. मग काही माल घाऊक भावात लिक्विडेटरकडे जातो आणि काही थेट कचऱ्यात. काही ऑनलाइन दुकानं तर सांगतात, वस्तू ठेवा तुमच्याकडेच, पैसे देतो. आपण खूश होतो. खरं तर ते सांगत असतात की ही वस्तू परत आणायच्या भाड्याच्याही लायकीची नाही.

आता माझं ऐका. आई-बाबा सहा आठवड्यांसाठी आले तेव्हा मी हवा भरायची गादी आणली. मित्राने सल्ला दिला, 'खोका टाकू नकोस, ते गेले की परत करून टाक.' आपल्या लोकांत हा सल्ला बेबी-सीटपासून कॅमेऱ्यापर्यंत सगळ्याला मिळतो आणि त्याला हुशारी म्हणतात. परतीला आईच सोबत होती. काउंटरवरच्या मुलीने वर न बघता गादी मागच्या गाड्यात टाकली. गाडीत बसल्यावर आईने विचारलं, 'आता त्या गादीचं ते काय करणार रे?' मला उत्तर माहीत होतं. दिलं नाही.

म्हणून पुण्याची पाटी थोर, असं मात्र नाही. त्या पाटीआड फाटका, बिघडलेला मालही खपवला गेला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते.

आणि परत करणं आपल्याला नवीन कुठे होतं? लग्नसराईत ओळखीचा साडीवाला दहा साड्या 'पसंतीला' घरी न्यायला द्यायचा. दोन ठेवायच्या, आठ परत. पण नेसून, मिरवून कुणी परत करत नसे, कारण पुढच्या सणाला त्याच दुकानात तोंड दाखवायचं असायचं. याचंही फार गोडवे गाऊ नयेत. ही सवलत 'आपल्यातल्या' गिऱ्हाइकाला होती. आडनाव, आळी, अंगावरचे कपडे बघून ओळख ठरायची, आणि ज्याला ती नव्हती त्याच्यासाठी भिंतीवर पाटी होतीच. अमेरिकन काउंटर आडनाव विचारत नाही, ही त्याची खरी जमेची बाजू. पण तिथे कुणाला तोंडही दाखवायचं नसतं.

मला युरोपचा रस्ता जास्त पटतो. तिथे ऑनलाइन खरेदी १४ दिवसांत परत करणं हा बहुतेक वस्तूंसाठी कायदेशीर हक्क आहे, दुकानाची मेहरबानी नाही. परतीचं भाडं मात्र गिऱ्हाइकावर टाकता येतं. आणि न विकलेले कपडे-चपला नष्ट करायला मोठ्या कंपन्यांना जुलै २०२६ पासून बंदी, असा नियम युरोपीय संघाने २०२४ मध्ये केला. त्या हक्काखाली परत आलेला मालही त्यात धरलाय. म्हणजे हक्कही आहे आणि मालाचं पुढे काय झालं हा आईचा प्रश्नही आहे.

इथे तो प्रश्न विचारणारा कायदा यायचा तेव्हा येईल. तोवर वस्तू खराब निघाली, मापात बसली नाही, तर बिनधास्त परत करा, लाजू नका. पण सहा आठवड्यांसाठी गादी हवी असेल तर ती आपल्या मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मागा. माझ्याकडे एक आहे. दुसऱ्या वेळी घेतलेली, परत न केलेली.