‘अंतिम’ या शब्दाचा अर्थ : बांधकाम-करार आणि सुधारित लवाद-कायदा

१९९६ च्या लवाद व सलोखा अधिनियमात २०१५ व २०१९ साली झालेल्या सुधारणांचे बांधकाम-क्षेत्रात सामान्यतः स्वागत झाले, आणि ते योग्यच होते. कलम १२(५) ने पक्षकाराच्या नोकरीत असलेल्या व्यक्तीस लवाद म्हणून अपात्र ठरविले. कलम २९अ ने निवाड्यास बारा महिन्यांची मुदत घातली, आणि देशांतर्गत वादांत ती उभय पक्षांची निवेदने पूर्ण झाल्यापासून मोजावी, असे २०१९ मध्ये ठरले. ज्या ठेकेदाराचे देयक वर्षानुवर्षे अडकून पडते, त्याला हा मोठाच दिलासा होय. परंतु या लाभाचे दार करारातील भाषेनेच उघडते, याकडे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही.

बांधकाम-करारांत एक जुने वाक्य आढळते : नकाशे, तपशील व कामाचा दर्जा यांविषयी अधीक्षक अभियंत्याचा निर्णय अंतिम व बंधनकारक राहील. हा लवादाचा करार आहे काय? टिपरचंद प्रकरणात (१९८०) सर्वोच्च न्यायालयाने ‘नाही’ असे उत्तर दिले. हा केवळ देखरेखीचा अधिकार होय. १९९६ च्या दामोदर दास प्रकरणातही तोच निष्कर्ष निघाला. उलट, रुक्मिणीबाई गुप्ता प्रकरणात (१९८०) ‘शंका, मतभेद किंवा वाद उद्भवल्यास’ पट्टेदात्याचा निर्णय अंतिम, अशी खाणपट्ट्यातील शब्दरचना होती, आणि तो लवादाचा करार मानला गेला. ‘अंतिम’ हा शब्द दोहोंकडे आहे. भेद केला तो ‘वाद’ या शब्दाने.

येथेच सुधारणेची मर्यादा उघड होते. कलम लवादाचे नाही असे ठरले, की अपात्रतेचा नियमही लागू होत नाही आणि मुदतीचाही नाही. जो अभियंता लवाद म्हणून अपात्र, तोच ‘अंतिम निर्णय’ देण्यास मोकळा राहतो. ठेकेदाराला दिवाणी न्यायालयाची लांब वाट धरावी लागते. लवाद-कराराची व्याख्या करणाऱ्या कलम ७ मध्ये २०१५ साली भर पडली ती विद्युत् साधनांनी झालेल्या पत्रव्यवहाराची. म्हणजे माध्यमाची, आशयाची नव्हे.

वाद कोणता, तो कोणाकडे सोपवावयाचा आणि निवाडा कोणावर बंधनकारक, हे करारानेच स्पष्ट सांगितले पाहिजे. ‘अंतिम’ या विशेषणावर विसंबून ते काम भागत नाही.